कमरेपर्यंतच्या केसांना घरी एकटीने यू-आकार द्यायचाय: पोनी कुठे बांधायची, किती कापायचं?

जास्वंद

केस सरळ, मध्यम दाट, कमरेच्या चार बोटं खाली येतात. खालची कड सध्या एकदम सरळ आहे. टोकाच्या दीड-दोन सेंटीमीटरमध्ये फाटे फुटलेत. घरीच, मदतीला कोणी नसताना यू-कट करायचा आहे. मध्य आणि बाजू यांत साधारण ८ सेंमी फरक हवा, टोकदार व्ही नको. मधली लांबी शक्यतो जाऊ नये.

१. व्हिडिओंत तीन प्रकार दिसतात: डोकं खाली घालून कपाळावर पोनी, मानेवर एकच पोनी, आणि दोन पोन्या खांद्यावरून पुढे. यांतल्या कशाने यू येतो?
२. ओले कापायचे की कोरडे?
३. शिवणाची कात्री चालेल का?
४. दोन्ही बाजू सारख्या कशा ठेवायच्या?

वेणीचं टोक उंदराच्या शेपटीसारखं होऊ नये, एवढी मुख्य काळजी आहे.

कंगवा-फणी

पहिला प्रश्न नीट सुटला की बाकीचे सोपे आहेत, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

केस मुळापासून निघून रबरापर्यंत येतो आणि तिथून पुढे लोंबतो. कात्री सगळ्यांना रबरापासून सारख्याच अंतरावर कापते. म्हणजे ज्या केसाला रबरापर्यंत यायला लांबचा फेरा पडला, तो सोडल्यावर तेवढा जास्त लांब निघणार. आकार ठरतो तो या फेऱ्यावर. आता तिन्ही प्रकार याच हिशेबाने बघा.

कपाळावरची पोनी: मानेच्या केसांना डोक्यावरून कपाळापर्यंत ३५ सेंमीच्या आसपास यावं लागतं, टाळूवरच्यांना त्याच्या निम्मं, आणि कपाळावरच्यांना जवळजवळ काहीच नाही. सोडल्यावर वरचे केस आखूड, खालचे लांब. हा लेयर कट झाला, खालच्या कडेचा आकार नव्हे. वेणी घातली की प्रत्येक पेडातून आखूड टोकं बाहेर डोकावतात आणि शेवटच्या वीतभर भागात मानेवरचेच केस उरतात. तुम्हाला ज्याची भीती आहे, ते नेमकं इथेच होतं. या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका.

मानेवर मध्यभागी एक पोनी: टाळूचा केस नाहीतरी मानेवरूनच खाली येतो, त्यामुळे रबराने त्याचा फेरा बदलत नाही. कड साधारण सरळच राहते. नुसते फाटे काढायचे असतील तर उत्तम, यू साठी निरुपयोगी. शिवाय ती पोनी एका खांद्यावरून पुढे घेऊन कापली की कड तिरकी येते, कारण मानेला चिकटून आलेल्या केसांचा रस्ता आखूड आणि बाहेरून वळसा घालून आलेल्यांचा लांब.

दोन पोन्या पुढे: मागचा मधला केस मानेला वळसा घालून पुढे येतो, कानाजवळचा मात्र सरळ खाली उतरतो. सोडल्यावर मध्य लांब, बाजू आखूड. तुम्हाला हेच करायचं आहे.

कात्री: शिवणाची नको, कागदाची तर नकोच. त्यांची पाती जाड असतात, केस कापण्याआधी दाबला जातो आणि टोक चेचलं जातं. चेचलेल्या टोकालाच पुढे लवकर फाटे फुटतात. केस कापायची साडेपाच ते सहा इंची स्टीलची कात्री घ्या आणि ती फक्त केसांसाठीच ठेवा, एकदा दुधाची पिशवी कापलीत की गेली. नवशिक्यांना एका पात्याला अगदी बारीक दाते असलेली कात्री सोपी जाते, तिच्यातून केस पुढे सटकत नाहीत. मात्र ती विरळणीची, म्हणजे कंगव्यासारखे मोठे दाते असलेली कात्री नव्हे. विरळणीची कात्री कडेला लावली की कड झिरझिरीत होते.

ओले की कोरडे: तुमच्यासारख्या सरळ केसांना कोरडे किंवा नखभर दमट. ओला केस ताणला की साधारण ३० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. कंगव्याने ओढून कापलात तर वाळल्यावर अपेक्षेपेक्षा आखूड निघतो, आणि प्रत्येक ठिकाणी ताण वेगळा असल्याने कडही वाकडी होते. आदल्या दिवशी न्हाऊन घ्या, तेल लावू नका. तेलकट केसांचे पुंजके होतात, एका पुंजक्यातले पन्नास केस एकदम कात्रीत येतात आणि कडेला खाचा पडतात.

आता कृती.

भांग मधोमध पाडून तीच रेघ टाळूवरून मानेपर्यंत न्या. मागची रेघ स्वतःची स्वतःला दिसत नाही, म्हणून कंगव्याचं टोक मानेच्या मणक्यावर टेकवून वर ओढा. मग फोन टायमरवर ठेवून एक फोटो काढून बघा. रेघ बोटभर जरी सरकली तरी एका पोनीत जास्त केस येतात आणि यूचा तळ बाजूला जातो.

दोन्ही भाग खांद्यावरून पुढे घ्या. गळ्याच्या हाडाच्या उंचीवर प्रत्येकी एक मऊ रबर. त्याखाली दर ८-१० सेंमीवर आणखी एकेक. पोनी पिळली जाता कामा नये, रिबिनीसारखी चपटी राहिली पाहिजे: कानाजवळचे केस आतल्या बाजूला, छातीच्या मध्याकडे, आणि पाठीमागचे केस बाहेर, दंडाच्या बाजूला. हा क्रम टोकापर्यंत टिकला पाहिजे. मध्ये कुठे पीळ बसला तर आतले केस बाहेर जातात आणि कापलेली कड सोडल्यावर दातेरी निघते.

शेवटचं रबर कापायच्या रेषेला लागून, तिच्या अगदी वर आणा. सरकवताना वरचा भाग दुसऱ्या हाताने घट्ट धरा, नाहीतर वरवरचे केस रबराबरोबर खाली ओढले जातात आणि आतले तिथेच राहतात.

कापताना एका घासात पोनी छाटू नका. जाड जुडगा कात्रीत धरला की पाती मिटताना केस टोकाकडे ढकलले जातात, मग शेवटचे केस लांब राहतात आणि पायरी पडते. कात्रीच्या पुढच्या दोन-तीन सेंमी पात्याने, एका वेळी सेंटीमीटरभर रुंदी, आतून बाहेर अशी कापत या. प्रत्येक पोनीला आठ-दहा वेळा कात्री चालेल. शेवटी कात्री उभी धरून टोकांत अर्धा सेंमी खोल बारीक टोचे द्या. सरळ केसांत कात्रीची प्रत्येक रेघ दिसते, ती याने मोडते.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: टोकं बघायला मान खाली घालणे. मान वाकली की मानेवरचे केस ताणले जातात, पोन्या पुढे झुलतात आणि मोजमाप गेलं. तुमच्या लांबीला टोकं मांडीजवळ येतील, तेव्हा समोर उभा आरसा ठेवा, हनुवटी सरळ, नजर आरशात. बसून कापू नका, टोकं मांडीवर टेकतात.

वार-अमावस्या ज्याची त्याने पाहावी, पण उजेड दिवसाचाच घ्या. ट्यूबलाइटखाली काळ्या केसांची कड दिसत नाही.

मोजपट्टी

वरची कृती बरोबर आहे, पण ८ सेंमी फरक हवा असेल तर रबराची जागा आधी तपासून घ्यायला हवी. गळ्याचा घेर, खांद्यांचा उतार, मानेची लांबी यावर तो फरक बदलतो. गळ्याच्या हाडाजवळ सैलसर बांधलं तर बहुतेक ४ ते ६ सेंमी मिळतो. दोन्ही भाग हनुवटीखाली एकत्र आणून एकच घट्ट पोनी केली तर १० सेंमीच्या पुढे जातो. न कापता हे मोजता येतं, असं:

रंगीत लोकरीचे दोन तुकडे घ्या. पोन्या बांधून झाल्या की एका पोनीच्या दंडाकडच्या कडेची पेन्सिलीएवढी बारीक बट वेगळी करा, ही मानेच्या मध्यातून आलेली. तिला पहिल्या रबराच्या अगदी खाली लोकर बांधा. तशीच आतल्या कडेच्या, कानाजवळून आलेल्या बटेला, त्याच उंचीवर दुसरी. रबरं काढा, केस मागे सोडून विंचरा (लोकरीच्या वरपर्यंतच) आणि पाठीचा फोटो घ्या. दोन लोकरींच्या उंचीत जेवढा फरक, तेवढीच खोली कापल्यावर मिळणार. कमी वाटला तर रबर आणखी पुढे, छातीच्या मध्याकडे, किंवा वर हनुवटीकडे सरकवा. जास्त वाटला तर कानाच्या रेषेकडे मागे न्या. दोन-तीन वेळा करून जागा ठरली की गळ्याच्या मधल्या खळग्यापासून रबर किती सेंमी बाजूला आणि किती वर-खाली, ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी हाच आकडा लागतो.

यू की व्ही, हे कापणं कुठे थांबवता त्यावर ठरतं. तुमची कड आत्ता सरळ आहे. अशी कड पुढे घेतली की पोनीचं टोक तिरकं दिसेल: छातीकडचे केस खाली लोंबलेले, दंडाकडचे वर. आडवी कात्री लावत वर गेलात की आधी फक्त आतले केस कापले जातात. कात्रीची रेषा दंडाकडच्या शेवटच्या केसाला टेकली की पूर्ण व्ही, टोक मधोमध. तिच्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अलीकडेच थांबलात तर पाठीच्या मध्यावरचा पट्टा न कापलेला, सपाट राहतो आणि बाजू तिरक्या होतात. हाच यू. राहिलेले दोन कोपरे टोच्यांनी गोलसर करायचे. म्हणून लोकर-चाचणीत ८ ऐवजी ९ ते साडेनऊ येईल अशी जागा धरा.

दोन्ही बाजू सारख्या येण्यासाठी डोळ्यावर विसंबू नका. शिवणाची टेप पहिल्या रबराच्या खालच्या कडेला लावा, कापायची रेषा दोन्हीकडे त्याच आकड्यावर, समजा ५२ सेंमी, आणि तिथे शेवटचं रबर. मग टेप बाजूला ठेवून रबराच्या कडेने कापा. उजव्या हाताने डावी पोनी कापताना कात्री तिरकी होते. गवंड्याच्या पाणसळीचं छोटं रूप, बोटाएवढं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते शेवटच्या रबराशेजारी चिमट्याने लावलं तर तिरकेपणा लगेच दिसतो. ते नसेल तर आडव्या पट्ट्यांचा, अंगाला बसणारा फिक्या रंगाचा टी-शर्ट घाला. पट्टी हीच आडवी रेषा, कापताना पुढून आणि तपासताना मागून.

कात्रीचा हात वर उचलला की त्या बाजूचा खांदा उचलला जातो आणि पोनी वर चढते. प्रत्येक घासानंतर दोन्ही हात खाली सोडून, खांदे सैल करून बघायचं. कंटाळवाणं आहे, पण एक बाजू दोन सेंमी वर जाते ती बहुतेक याच कारणाने.

लांबसडक

कृतीबद्दल वाद नाही, ८ सेंमीबद्दल आहे. मध्य-बाजू फरक जेवढा, वेणीचा शेवटचा तेवढा भाग फक्त मधल्या केसांचा उरतो. मध्यम दाट केसांत ८ सेंमी म्हणजे शेपट्याची शेवटची वीतभर विरळ व्हायला लागते, कारण वेणीत बाजूचे केस वळसे घेत येतात आणि आधीच थोडे वर संपतात. ५ सेंमीचा यू पाठीवर मोकळ्या केसांत स्पष्ट दिसतो आणि वेणीही भरीव राहते. ८ मोकळे सोडणाऱ्यांसाठी ठीक, रोज वेणी घालणाऱ्यांना मी ५ च सुचवेन.

दुसरं, एका बैठकीत ८ सेंमी फरक म्हणजे बाजूंचे ८ ते ९ सेंमी एकदम कापावे लागणार. त्यापेक्षा हप्त्याने करा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंमी वाढतात, म्हणजे तीन महिन्यांत तीन ते पावणेचार. दर तीन महिन्यांनी बाजू ३ सेंमी, मध्य फक्त अर्धा. बाजू आज आहेत तिथेच राहतात, मध्य खाली उतरत जातो आणि प्रत्येक वेळी फरक अडीच सेंमीने वाढतो. दुसऱ्या खेपेला ५ होतात. तिथे वेणी घालून बघा, टोकाला बांधलेलं रबर सैल पडत नसेल तर तिसऱ्यांदा करून साडेसातवर, म्हणजे ८ च्या जवळ जा. चुकीला वावही राहतो: पहिल्या खेपेला बाजू अर्धा सेंमी वरखाली झाली तरी पुढच्या खेपेत निघून जाते.

मधल्या टोकांच्या फाट्यांचं काय, हा प्रश्न राहतो, कारण मध्य अर्धाच सेंमी कापताय आणि फाटे दीड-दोन सेंमीत आहेत. ते वेगळे काढा. खिडकीशी बसून, पांढऱ्या कपड्यावर, बोटाएवढी बट घ्या, ती बोटांत हलकी पिळा. फाटलेली टोकं आणि पांढरे ठिपके पिळातून बाहेर उभे राहतात. प्रत्येक केस फाट्याच्या अर्धा सेंमी वर कापा. नेमक्या फाट्यावर कापलं तर चीर वर उरते आणि पुन्हा चढते. एका बैठकीत अर्धा तास पुरे, त्यापुढे डोळे थकतात आणि चांगले केसही कापले जातात.

जास्वंद

लोकर-चाचणी केली. गळ्याच्या हाडाजवळ ४.५ सेंमी आले, हनुवटीखाली १२. हप्त्याने करायचं पटलं. आता दोन शंका. पहिल्या खेपेला ३ च सेंमी कापायचे तर रबर कुठे? आणि भांग नेहमी डावीकडे असतो, मग मधोमध पाडून कापलं तर चालेल का?

मोजपट्टी

पहिल्या खेपेलाही रबर अंतिम जागीच बांधा, लांबसडक यांचे ५ मनात धरून. तुमच्या मापाने ते गळ्याच्या हाडापासून थोडंसं वर आणि आत येईल, ६ च्या आसपास खोली देणाऱ्या जागी. पोनीचं तिरकं टोक समोर ठेवा, सगळ्यात खाली लोंबणाऱ्या केसांपासून ३ सेंमी वर खूण, तिथे आडवं कापा आणि थांबा. कात्री पोनीच्या आतल्या साधारण निम्म्या रुंदीलाच लागेल, बाहेरच्या निम्म्याला अजिबात नाही. पाठीवर दोन्ही कोपरे तिरके छाटल्यासारखे दिसतील, मध्य सपाट. पहिल्यांदा तसंच दिसायला हवं. मधल्या अर्ध्या सेंटीमीटरसाठी वेगळी कात्री लावू नका, लांबसडक यांनी सांगितलेल्या फाटे काढण्यातच तो जातो. दुसऱ्या खेपेला जागा तीच ठेवली की छाटलेला भाग आपोआप मध्याकडे सरकतो.

कंगवा-फणी

भांगाचं: कायम डावा भांग असेल तर वरचा भाग, म्हणजे कपाळ ते टाळू, डाव्या भांगातच ठेवा आणि टाळूपासून मानेपर्यंत मात्र रेघ मधोमध न्या. मधला भांग पाडून कापलं आणि मग केस डाव्या भांगावरून उजवीकडे टाकले तर त्यांना टाळू ओलांडायचं जादा अंतर पडतं. ते केस खाली कमी पोचतात आणि उजवी बाजू वर चढल्यासारखी दिसते. कापण्यात चूक नसते, पण दिसते चूकच. उजव्या पोनीत केस थोडे जास्त येतील, जाडी वेगळी दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. मोजायची ती लांबी.

कापून झाल्यावर तपासायची पद्धत. रबरं वरून खाली नव्हे, खालून वर काढत जा, म्हणजे गुंता होत नाही. केस मागे सोडून मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा, मान दोन-तीनदा हलवा, फोटो काढा. फोटोत बाजू कमी-जास्त दिसली तरी त्याच दिवशी दुरुस्तीला बसू नका. रबराच्या खुणांमुळे केसांना बाक आलेला असतो आणि तो सेंटीमीटरभर फसवतो. न्हाऊन, वाळवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. तेव्हाही फरक एका सेंमीच्या आत असेल तर सोडून द्या, चालताना कोणाला दिसत नाही. जास्त असेल तर फक्त लांब बाजूची पोनी त्याच जागी बांधून, फरकाच्या निम्मंच कापा, सोडा, बघा, मग उरलेलं. दोन्ही बाजू आळीपाळीने सारख्या करायला गेलात तर माकडाच्या लोण्याच्या वाटणीसारखं होतं.

कडेला एखादी खाच राहिली असेल तर पूर्ण कड वर नेऊ नका. खाचेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमीपर्यंत उभ्या कात्रीने टोचे द्या, खाचेच्या जवळ खोल आणि दूर जाताना उथळ.

एक राहिलंच. हे सगळं सरळ ते हलक्या लाटेच्या केसांसाठी आहे. कोणी कुरळ्या केसांची मैत्रीण हा धागा वाचत असेल तर दोन पोन्यांची पद्धत नुसत्या अंदाजाला वापरा. कुरळा केस वाळला की वर चढतो, आणि डोक्याच्या प्रत्येक भागात कुरळेपणा वेगळा असल्याने सगळे केस सारखे चढत नाहीत. तिथे पोनीने बाजूंचा उतार ठरवून खडूने टी-शर्टवर खूण करायची, मग केस मोकळे, कोरडे, नेहमीसारखे बसलेले असताना एकेक कुरळी बट तिच्या वळणाच्या शेवटी कापायची, ताण अजिबात न देता.

जास्वंद

छान, सगळं उतरवून घेतलं. आधी कात्री आणि टेप आणते. जुनी रबरं चालतील का?

लांबसडक

पैशांच्या पुडक्याला लावतात ती नकोत, केस ओढून तोडतात आणि सरकत नाहीत. कापड गुंडाळलेली पातळ घ्या, प्रत्येक पोनीला पाच-सहा, म्हणजे डझनभर. शेवटचं रबर, ज्याच्या कडेने कापायचं, ते मात्र पातळ सिलिकॉनचं आणि फिक्या रंगाचं असू द्या. जाड कापडी रबराची कडच अर्धा सेंमी गोल असते, त्यावरून रेषा धरता येत नाही.